झाकण कधी उडणार?

एप्रिल-मे आला की माझं अर्धं लक्ष अमेरिकेतल्या ओक्लाहोमाच्या आकाशाकडे! मेक्सिकोच्या आखातातली दमट हवा मैदानावर पसरते, पश्चिमेकडून वाळवंटी हवा येते. दोघींची सीमा म्हणजे ‘ड्रायलाइन’. पण खरी गंमत वर असते. जमिनीपासून दीड-दोन किलोमीटरवर गरम हवेचा थर कुकरच्या झाकणासारखा बसलेला असतो. झाकण टिकलं तर दिवसभर नुसता उकाडा. दुपारी उशिरा फुटलं की तासाभरात बारा-पंधरा किलोमीटर उंच ढग आणि लिंबाएवढ्या गारा. म्हणूनच ओक्लाहोमातल्याच नॉर्मन शहरातल्या स्टॉर्म प्रेडिक्शन सेंटरमध्ये सकाळच्या हवामान-फुग्याच्या नोंदी इतक्या बारकाईने बघतात. त्यांच्या धोक्याच्या पाच पायऱ्यांपैकी मला सगळ्यात फसवी दुसरी वाटते. नावच ‘स्लाइट’, मग घाबरणार कोण?

आणि हीच वादळं रेल्वेच्या डब्यांसारखी एकामागोमाग एकाच गावावरून गेली, तर गारांपेक्षा पूर महागात पडतो.

वादळांचे असे इशारे देण्याची ही परंपरा सुरू झाली ओक्लाहोमातल्याच टिंकर हवाई तळावर. २० मार्च १९४८ ला तिथे टोर्नेडोने विमानं मोडली. पाचच दिवसांनी फॉबश आणि मिलर या हवाई दलाच्या अधिकाऱ्यांना नकाशात तशीच लक्षणं दिसली. बिचकतच त्यांनी इशारा दिला. त्याच संध्याकाळी टोर्नेडो पुन्हा तळावर आला.