न चिकटणारी पेशी

उचगावात रक्तदान शिबिर भरलं, की टेबलावर पांढरी टाइल आणि तीन छोट्या बाटल्या मांडल्या जातात: निळी, पिवळी, बिनरंगी. बोटातल्या रक्ताच्या तीन थेंबांत त्यातला एकेक थेंब मिसळला, की कुठे रव्यासारख्या गुठळ्या धरतात, कुठे रक्त तसंच एकसारखं राहतं. निळ्या-पिवळ्या बाटल्यांतल्या अँटिबॉडी लाल पेशीवरच्या साखरा ओळखतात. बिनरंगी अँटी-डी मात्र पेशीच्या पटलात रुतलेलं एक प्रथिन हुडकते. ते सापडलं की गट 'पॉझिटिव्ह'.

पटलातल्या दुसऱ्या एका प्रथिनाची गोष्ट थेट मुंबईशी जोडलेली आहे. डॉ. भेंडे यांनी १९५२ मध्ये नोंदवलेला 'बॉम्बे' रक्तगट सगळ्यांना ठाऊक असतो. 'इंडियन' रक्तगट मात्र डॉक्टरांनाही सहसा आठवत नाही. १९७३ मध्ये बडकेरे, जोशी, भाटिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका अँटिबॉडीच्या आधारे तो शोधला. मुंबईत शंभरातल्या तीन-चार जणांच्याच पेशींना ती चिकटे. बाकीच्यांच्या पेशी मोकळ्या राहत, म्हणून तर वेगळेपण दिसलं! ही खूण सीडी४४ नावाच्या प्रथिनावर असते, हे पुढे कळलं. त्याच्या साखळीत सेहेचाळिसाव्या जागी अर्जिनिन या अमिनो आम्लाऐवजी प्रोलिन, एवढाच तो फरक.

आज कर्करोगाच्या प्रयोगशाळांत सीडी४४ला मोठी मागणी आहे. २००३ मध्ये स्तनाच्या गाठीतल्या, नवी गाठ उभी करू शकणाऱ्या पेशी याच प्रथिनाच्या मदतीनं वेगळ्या काढल्या गेल्या. पण सीडी४४च्या एकाच जनुकापासून प्रथिनाची अनेक रूपं तयार होतात. अँटिबॉडी सर्व रूपांत असलेला भाग धरते की एखाद्याच रूपातला, यानुसार प्रयोगाचा अर्थ बदलतो.

आणि बाटलीवरच्या लेबलावर विसंबणं महागात पडतं. २०२३ मध्ये एका आंतरराष्ट्रीय गटानं ६५ प्रथिनांसाठी विकल्या जाणाऱ्या ६१४ अँटिबॉडी तपासल्या. कसोटी साधी होती: त्या प्रथिनाचं जनुकच काढून टाकलेल्या पेशींतही अँटिबॉडी खूण दाखवते का? दर प्रथिनामागे सरासरी १२ शोधनिबंध असे निघाले, ज्यांतली अँटिबॉडी ते प्रथिन ओळखतच नव्हती. किती पैसा आणि किती विद्यार्थ्यांची वर्षं त्यात गेली असतील!

रक्तपेढीत अँटी-डी वापरण्याआधी ती ठाऊक असलेल्या पॉझिटिव्ह पेशींवर आणि निगेटिव्ह पेशींवरही ताडून पाहतात. कोल्हापुरातल्या संशोधक विद्यार्थ्यांनी सीडी४४च्या अँटिबॉडीची कुपी मागवताना विक्रेत्याकडे तेवढंच मागावं: सीडी४४ नसलेल्या पेशींवरचा निकाल. तो दाखवता येत नसेल, तर ती कुपी घेऊ नये.