कांचनजंगा : पर्वत, पाणी आणि कार्यकारणभाव

सिक्कीम व नेपाळ यांच्या सीमेवर कांचनजंगा उभा आहे. त्याची उंची ८५८६ मीटर असून एव्हरेस्ट व के-टू यांच्यानंतर जगात त्याचा तिसरा क्रमांक लागतो. १८५२ पर्यंत तर हेच जगातील सर्वोच्च शिखर मानले जाई. 'हिमाचे पाच खजिने' असा त्याच्या तिबेटी नावाचा अर्थ आहे. त्याच्या पाच शिखरांपैकी चार ८४०० मीटरहून उंच आहेत.

या पर्वतापासून चार दिशांना डोंगररांगा फुटतात आणि त्यांच्यामधून चार मोठ्या हिमनद्या उतरतात. झेमू व तालुंग यांचे पाणी पूर्वेकडे तिस्तेला मिळते, तर यालुंग व कांचनजंगा या हिमनद्यांचे पाणी पश्चिमेकडे नेपाळातील तमूर नदीला मिळते. बंगालचा उपसागर जवळ असल्याने मान्सूनचे वारे येथे भरपूर बर्फ टाकतात. झेमू हिमनदी सुमारे २६ किलोमीटर लांब आहे.

सिक्कीममधील बौद्ध या पर्वताला रक्षक देवता मानतात. २५ मे १९५५ रोजी जॉर्ज बँड व जो ब्राउन प्रथम वर पोहोचले, पण सिक्कीमच्या राजाला दिलेल्या शब्दाप्रमाणे ते माथ्याच्या काही पावले खालीच थांबले. २००१ मध्ये सिक्कीम सरकारने आपल्या बाजूने चढाईस बंदी घातली.

बावीस प्रतिज्ञा घेतलेले आपण पर्वतात देव पाहत नाही. मात्र निसर्गापुढे मर्यादा पाळण्यासाठी देव मानावाच लागतो असे नाही. कार्यकारणभाव समजला तरी पुरे. शिखराच्या उत्तरेस दक्षिण ल्होनाक हिमनदी आहे. तापमानवाढीमुळे ती मागे हटली आणि तिच्यापुढे दगडमातीच्या बांधाआड तलाव वाढत गेला. धोक्याची सूचना अभ्यासकांनी अनेक वर्षे आधीच दिली होती. ऑक्टोबर २०२३ च्या एका रात्री बाजूचा उतार तलावात कोसळला, लाट उसळली व बांध फुटला. त्या लोंढ्यात चुंगथांग येथील तिस्ता-३ प्रकल्पाचे धरण वाहून गेले. खालच्या गावांत अनेकांचे प्राण गेले.

कारण असेल तर परिणाम होणारच, ही तथागतांची शिकवण येथे डोळ्यांनी दिसते. शिखर, बर्फ, तलाव, नदी आणि नदीकाठची माणसे ही एकाच साखळीचे दुवे आहेत. विद्यार्थी मित्रांनो, भूगोल केवळ उंचीचे आकडे पाठ करण्यासाठी नाही. कारण वेळीच ओळखणे व त्यानुसार वागणे म्हणजेच प्रज्ञा, आणि खालच्या गावातील माणसाची काळजी वाहणे म्हणजेच करुणा.