मांडवीवरील द्यूतनौका : निघण्यापूर्वीचा हिशेब

बेळगावच्या माणसाला गोवा हा परमुलूख कधीच वाटला नाही. बेळगावची भाजी आणि दूध घाट उतरून गोव्यात जाते आणि गोव्याचा माणूस लग्नाच्या खरेदीसाठी अथवा दवाखान्यासाठी घाट चढून बेळगावात येतो. पूर्वी इकडून तिकडे जावयाचे ते देवदर्शनाला, जुन्या गोव्याच्या फेस्ताला, नाहीतर समुद्र पाहावयाला. अलीकडच्या वीस-पंचवीस वर्षांत मात्र एका नव्या निमित्ताची भर पडली आहे. पणजीला मांडवीच्या पात्रात रात्रभर दिव्यांनी झगमगणाऱ्या ज्या नौका उभ्या असतात, त्यांवरील कॅसिनो पाहण्यासाठी बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणी या भागांतून चार-पाच मित्र शनिवारी दुपारी मोटार काढतात आणि रविवारी परत येतात. गाडीत पेट्रोल किती, मुक्काम कोठे, जेवण कोठे, याचा विचार निघण्यापूर्वी बारकाईने होतो. ज्याचा विचार सर्वांत आधी व्हावयास हवा, त्या पैशाचा विचार मात्र बहुधा परतीच्या वाटेवर होतो. यास्तव पहिल्यांदाच जाणाऱ्याने कोणती माहिती गाठीशी बांधावी, हे नीट पाहणे अगत्याचे आहे.

प्रथम कायद्याचे पाहू. गोव्यात सार्वजनिक जुगारास बंदी करणारा कायदा १९७६ चा आहे. त्यात १९९२ साली दुरुस्ती होऊन पंचतारांकित हॉटेलांत जुगाराची यंत्रे ठेवण्यास मुभा मिळाली, आणि १९९६ च्या दुरुस्तीने पाण्यावरील जहाजांत पत्ते व चक्र यांचे मेजावरील खेळ चालविण्याची वाट मोकळी झाली. पणजीचे कॅसिनो पाण्यावर का, या प्रश्नाचे उत्तर या दुरुस्त्यांत आहे. या नौका प्रवासी घेऊन कोठे जात नाहीत. त्या नदीत नांगर टाकून उभ्या असतात. जहाज आहे म्हणून तेथे जुगार आला असे नव्हे, जुगार हवा म्हणून तेथे जहाज आले. कर्नाटकात १९६३ चा पोलीस कायदा जुगाराचा अड्डा चालविणे आणि तेथे खेळणे हे दोन्ही गुन्हे मानतो. महाराष्ट्राने १९७६ साली कॅसिनोविषयी एक कायदा केला होता; तो कधीच अमलात आला नाही आणि २०२३ मध्ये तो रद्दच करण्यात आला. म्हणजे जी गोष्ट निपाणीत किंवा कोल्हापुरात केली असता पोलीस धरून नेतील, तीच गोष्ट चोर्ला घाट ओलांडला की तिकीट काढून करता येते. हा फरक कायद्याचा आहे. खेळाच्या स्वभावात मात्र घाट ओलांडल्याने काही फरक पडत नाही.

आता वाटेविषयी. बेळगावाहून जांबोटी, कणकुंबी, चोर्ला, साखळी, डिचोली असा मार्ग पणजीला जातो. अंतर सव्वाशे किलोमीटरांच्या आसपास आहे. कणकुंबी हे मलप्रभेचे उगमस्थान. तेथे थोडे थांबावे. पावसाळ्यात या घाटात धुके दाट असते व दरडीही कोसळतात, म्हणून त्या दिवसांत रस्त्याची चौकशी करूनच निघावे. निपाणीकरांना बेळगावपर्यंतचे सुमारे पाऊणशे किलोमीटर आणखी पडतात. त्यांना आजरा, आंबोली, सावंतवाडी हाही रस्ता आहे. आगगाडीने जावयाचे तर लोंढ्यावरून दूधसागरच्या घाटाने मडगाव गाठावे लागते. ज्यांना रात्री जागावयाचे आहे त्यांनी स्वतःची गाडी न नेता कदंब परिवहनची अथवा कर्नाटकाची एस.टी. पकडावी हे उत्तम. जागरण झालेला आणि पेला घेतलेला माणूस पहाटे घाटात सुकाणू धरतो, हा धोका नौकेवरील कोणत्याही डावापेक्षा मोठा आहे.

पणजीच्या धक्क्यावर ओळखपत्र दाखवून तिकीट घ्यावे लागते आणि लहान होडीने नौकेवर जावे लागते. एकवीस वर्षांखालील कोणालाही जुगाराच्या दालनात प्रवेश नाही. तिकिटाचे दर वाराप्रमाणे बदलतात; शनिवारी-रविवारी ते चढे असतात. तिकिटात जेवण, पेये आणि काही रकमेच्या चकत्या, ज्यांना तेथे ‘चिप्स’ म्हणतात, त्या बहुधा धरलेल्या असतात. परंतु अशा फुकट वाटणाऱ्या चकत्या पुष्कळदा केवळ खेळण्यासाठीच असतात; त्या खिडकीवर परत देऊन रोख पैसे मिळत नाहीत. कोणत्या चकत्यांचे पैसे होतात आणि कोणत्यांचे होत नाहीत, हे तिकीट घेतानाच स्पष्ट विचारून घ्यावे. विचारण्यात कमीपणा काही नाही.

चकती ही साधी दिसणारी, पण मोठी हिकमती वस्तू आहे. पाचशेची नोट देताना हात जरा थबकतो, कारण त्या नोटेत माणसाला आपली दिवसाची मजुरी, मुलाची वही, घरातील तेल दिसत असते. रंगीत चकतीत यांपैकी काहीच दिसत नाही. शिवाय या दालनांत दिवस-रात्रीचा भेद जाणवू नये अशीच प्रकाशाची योजना असते आणि भिंतीवर घड्याळ सहसा नसते. म्हणून मनगटावर घड्याळ असावे, आणि प्रत्येक चकती हातातून सोडताना तिची किंमत रुपयांत मनाशी उच्चारावी.

त्यानंतर येतो कर. कॅसिनोतील खेळावर १ ऑक्टोबर २०२३ पासून चकत्यांच्या संपूर्ण किमतीवर अठ्ठावीस टक्के वस्तू व सेवा कर लागू झाला आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून तो चाळीस टक्के करण्यात आला. जिंकलेल्या चकत्या पुन्हा लावल्या तर त्यांवर पुन्हा कर नाही. परंतु विकत घेतलेल्या चकत्या न खेळता परत केल्या तरी भरलेला कर परत मिळत नाही. पाच हजारांच्या चकत्या घेतल्या तर त्यांवरील कर दोन हजार होतो. तो ग्राहकाकडून कोणत्या रीतीने घेतला जातो, हे त्या-त्या ठिकाणी विचारावे. पण तो वेगळा घेतला तर घरून नेलेल्या सात हजारांपैकी पाच हजारच मेजावर पोहोचतात, आणि त्यांवर चाळीस टक्के जिंकावे तेव्हा कोठे माणूस आपल्या मूळ आकड्यावर येतो. एवढ्याने संपत नाही. जिंकलेल्या रकमेवर तीस टक्के प्राप्तिकर व त्यावरील उपकर आहे, आणि एका रात्री हरलेले पैसे दुसऱ्या रात्रीच्या जिंकलेल्यांतून वजा करण्यास प्राप्तिकराचा कायदा परवानगी देत नाही.

कराचा भाग क्षणभर बाजूला ठेवून खुद्द खेळ कसा चालतो ते पाहू. कागद-पेन्सिल जवळ असेल तर हा हिशेब मांडून पाहावा. रुलेट नावाच्या चक्रावर एक ते छत्तीस आकडे आणि एक शून्य अशी सदतीस घरे असतात. एका आकड्यावर शंभर रुपये लावले आणि तोच आकडा आला तर लावलेले शंभर आणि वर पस्तीसशे, असे एकूण छत्तीसशे रुपये हाती येतात. वरवर पाहता बक्षीस मोठे वाटते. आता कोणी सदतीसही घरांवर शंभर-शंभर रुपये लावले असे समजा. एक घर निश्चित लागणार. म्हणजे तो हरणे अशक्य वाटते. पण त्याने लावले सदतीसशे आणि त्याला मिळाले छत्तीसशे. चक्र कितीही प्रामाणिकपणे फिरो, शंभर रुपये मेज मांडणाऱ्याच्या पदरात पडलेच. सदतिसांत एक, म्हणजे शेकडा दोन रुपये सत्तर पैसे, हे त्याचे हक्काचे उत्पन्न. काही चक्रांवर शून्याची दोन घरे असतात. तेथे हेच प्रमाण शेकडा सव्वापाच रुपयांवर जाते. यात लबाडी मुळीच नाही. लबाडीची गरजच नाही. गणित पुरेसे आहे.

शेकडा पावणेतीन म्हणजे फार थोडे, असे कोणी म्हणेल. परंतु ही टक्केवारी खिशातील रकमेवर लागत नाही, ती प्रत्येक फेरीत लावलेल्या रकमेवर लागते. तासात चाळीस फेऱ्या आणि दर फेरीस पाचशे रुपये धरले तर एका तासात वीस हजार रुपये मेजावरून फिरून जातात. त्यांवर सरासरी तोटा होतो पाचशे चाळीस रुपये. दोन शून्यांच्या चक्रावर हजाराहून अधिक. एखाद्या रात्री माणूस जिंकेलही. पण जितक्या अधिक फेऱ्या, तितका तो या सरासरीच्या जवळ ओढला जातो. त्यातून खेळणाऱ्याची थैली लहान आणि मांडणाऱ्याची मोठी. लहान थैली चार-सहा वाईट फेऱ्यांत रिकामी होते व माणूस उठतो. मोठी थैली वाट पाहू शकते.

‘इतक्या वेळा लाल आले, आता काळे येणारच’ हा समज तर अनेकांना बुडवून गेला आहे. माँटे कार्लोच्या कॅसिनोत १९१३ च्या ऑगस्टात चेंडू लागोपाठ सव्वीस वेळा काळ्या घरात पडला. प्रत्येक फेरीस लोक ‘आता तरी लाल येईल’ म्हणून पैसे वाढवीत गेले आणि पुष्कळांचे दिवाळे निघाले. चक्राला मागची फेरी आठवत नाही. आठवते ती माणसाला, आणि तेथेच तो फसतो.

म्हणून जाणाऱ्याने घरीच चार वाटे करावेत. प्रवासाचा एक, मुक्काम व जेवणाचा दुसरा, अडीअडचणीचा तिसरा आणि खेळाचा चौथा. चौथा वाटा म्हणजे नाटकाच्या तिकिटाला घातलेले पैसे; नाटक संपल्यावर कोणी ते परत मागत नाही. ही रक्कम रोख न्यावी आणि बँकेचे कार्ड खोलीवर ठेवावे. सोबत्याकडून उसने घेऊ नये, सोबत्याला उसने देऊ नये. उठण्याची वेळ आधी ठरवावी. ती वेळ हरणाऱ्याला जितकी लागू, तितकीच जिंकणाऱ्यालाही लागू. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे हा आकडा घरातील माणसाला सांगून निघावे. जो आकडा पत्नीला अथवा वडिलांना सांगताना जीभ अडखळते, तो आकडा मोठाच आहे असे समजावे.

येथे एक गोष्ट विचार करण्यासारखी आहे. १ फेब्रुवारी २०२० पासून खुद्द गोव्याच्या रहिवाशांना या कॅसिनोंत खेळण्यास मनाई आहे. ते तेथे नोकरी करू शकतात, खेळू शकत नाहीत. ही रीत नवी नाही. मोनाको संस्थानाचे नाव ज्या कॅसिनोमुळे जगभर झाले, त्याच कॅसिनोत मोनाकोच्या नागरिकांना जुगार खेळता येत नाही. यजमान आपल्या मुलांना ज्या पंगतीत बसू देत नाही, त्या पंगतीला शेजाऱ्याच्या मुलांना आग्रहाने बोलावतो. गोव्याला त्यापासून महसूल मिळतो, अनेकांना रोजगार मिळतो, हे खरे. पण घरच्या माणसाला दूर ठेवण्याइतपत त्या सरकारला या खेळाची ओळख पटली आहे, हेही तितकेच खरे. आणि तो शेजारी म्हणजे प्रामुख्याने घाटावरील माणूस, अर्थात बेळगाव, निपाणी, कोल्हापूर, हुबळीचा. तंबाखूच्या व्यवहारातील आलेली रक्कम, उसाचे बिल, बहिणीच्या लग्नासाठी ठेवलेली पुंजी, ही एका रात्रीत मांडवीच्या पाण्यावर ठेवली जाऊ शकते. जुगारात राज्य गमावणारा धर्मराज आपल्याकडे प्रत्येकाला ठाऊक आहे; तो मूर्ख नव्हता, दुष्टही नव्हता. एकदा पटावर बसल्यावर त्याला उठता आले नाही, एवढेच.

हे उठता न येणे केवळ स्वभावाचा दोष नव्हे. जुगाराचे व्यसन हा आजार असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणातही मान्य झाले आहे. हरलेले भरून काढण्यासाठी पुन्हा जाणे, रकमेविषयी घरी खोटे बोलणे, दागिने अथवा वाहन गहाण टाकणे, ही त्याची लक्षणे होत. ती दिसू लागली तर ओरडून उपयोग नाही. डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. केंद्र सरकारच्या ‘टेलिमानस’ सेवेचा १४४१६ हा विनामूल्य दूरध्वनी क्रमांक मानसिक अडचणींसाठीच आहे.

शेवटी, पणजी म्हणजे केवळ त्या नौका नव्हेत. नदीकाठचा आदिलशहाचा जुना राजवाडा, माणसाला संमोहित करणाऱ्या आबे फारियाचा पुतळा, फोंतेनांशची रंगीत घरे, १८३२ साली स्थापन झालेले ग्रंथालय आणि जवळच जुन्या गोव्यातील १६०५ साली अभिमंत्रित झालेले बाँ जेझूचे मंदिर हे सारे पाहावयास एक दिवस अपुरा पडतो. नौकेवर जावयाचेच असेल तर त्या दिवसाचा एक लहान तुकडा तिला द्यावा, सबंध दिवस नव्हे. ठरलेला आकडा खिशात, ठरलेली वेळ मनगटावर आणि परतीचे तिकीट आधीच काढलेले, अशा तयारीने जो होडीत पाय ठेवतो, तो हरून आला तरी लुबाडला जात नाही. आणि हा हिशेब घरी मांडल्यावर ज्याला होडीत पाय ठेवावासाच वाटला नाही, त्याने मांडवीच्या काठावर उभे राहून ते दिवे पाहावेत. तेथून ते अधिक सुंदर दिसतात, आणि त्याला तिकीट लागत नाही.