माळावर हळू चालावं

सोलापूरला कसलं जंगल, असं बाहेरगावचे मित्र विचारतात. त्यांना मी बार्शी रस्त्यावरच्या नान्नजला नेतो. तिथं झाडांची दाटी नाही. गुडघाभर गवत, मुरूम आणि वर मोकळं आभाळ. माळढोकासाठी १९७९ मध्ये अभयारण्य झालं, ते अशाच माळरानांवर.

मुक्काम जवळपासच्या एखाद्या शेतकऱ्याच्या वस्तीवर करावा. रात्री ज्वारीची भाकरी आणि शेंगाचटणी. फजरच्या सुमारास उठून, मळकट कपडे घालून, परवानगीच्या वाटेनं निघावं. तासाभरात अर्धा किलोमीटर चाललात तरी पुष्कळ झालं.

हळू का चालायचं? माळावरचे बरेच पक्षी जमिनीवरच राहतात, तिथंच अंडी घालतात. लपायला झाड नाही. रंग हाच त्यांचा आडोसा. धाविक, चंडोल, माळटिटवी मातीत मिसळून गेलेले असतात. आपण भरभर गेलो तर ते दबून बसतात. आपण थांबलो, की थोड्या वेळानं समोरचं एक ढेकूळ चालू लागतं!

हिवाळ्यात मध्य आशियाकडून पाहुणे येतात. भोवत्या हा शिकारी पक्षी गवताच्या शेंड्यांवरून तरंगत नाकतोडे टिपतो आणि रात्री गवतातच, जमिनीवर झोपतो. म्हणून दिवस मावळल्यावर गवतात शिरू नये. भोरड्यांचे थवे हुरड्यावर आलेल्या ज्वारीत उतरतात, तेव्हा शेतकरी गोफण फिरवतो. पण त्याच भोरड्या टोळही फस्त करतात.

माळढोक मात्र दिसेलच, असं आता कुणी सांगू शकत नाही. देशभरातल्या रानांत मिळून ते दोनशेहून कमी उरलेत. मादी बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्यावर. अंगानं जड, समोरचं नीट न दिसणारा हा पक्षी विजेच्या तारांवर आदळून मरतो. त्यात आपण माळाला ‘पडीक’ म्हणतो. मग कुणी तो नांगरतं, कुणी भल्या हेतूनं तिथं दाट झाडं लावतं. दोन्हींत गवत जातं, आणि गवताबरोबर पाखरंही.

मारुती चितमपल्ली याच सोलापूरचे. २०२५ मध्ये ते इथंच निवर्तले. त्यांनी ‘पक्षिकोश’ लिहून पाखरांची नावं मराठी वाचकाच्या हाती दिली. तुम्हीही सोबत एक वही न्या. तारीख, जागा, पक्ष्याचं नाव, एवढंच लिहा. उद्या कुणी त्या माळाला पडीक म्हणालं, तर ती वही त्याच्यापुढं ठेवता येईल.