दिंडीच्या वाहनास शेतांतून वीज देतांना

ज्येष्ठ सरत आला म्हणजे परंडा तालुक्यांतील शेतकऱ्यांचें लक्ष दोन गोष्टींकडे लागतें. एक आभाळाकडे व दुसरें वाटेकडे. पैठणहून निघालेली श्रीएकनाथमहाराजांची पालखी आषाढांत परंड्यावरून पंढरीस जाते. तिच्या संगें चालणाऱ्या दिंड्यांचा मुक्काम कोणाच्या शेतांत, कोणाच्या खळ्यावर, तर कोणाच्या वाड्याच्या आवारांत पडतो. पूर्वीं दिंडीबरोबर बैलगाडी असे व उजेड कंदिलाचा असे. हल्लीं मालमोटार असते. तिच्यांत भांडींकुंडीं, पाण्याची टाकी, लहान पंप, पंखे, मिक्सर व वारकऱ्यांचे पाऊणशें मोबाइल असतात. मोटार उभी राहिली कीं चालक तारेचें भेंडोळें काढतो व म्हणतो, “मालक, जरा लाईट द्या.” नाहीं कोणी म्हणत नाहीं, व म्हणूंही नये. परंतु वीज देणें हें पाणी देण्यासारखें नव्हे. पाणी वाट चुकलें तर चिखल होतो. वीज वाट चुकली तर माणूस जातो. सबब या विषयाचा विचार पालखी येण्यापूर्वींच केलेला बरा.

पहिली अडचण पिनेची असते. आपल्याकडे घरगुती विजेचा दाब २३० व्होल्ट असून तीन पिनांचे दोन प्रकार रूढ आहेत. एक ६ अँपियरचा लहान व दुसरा १६ अँपियरचा मोठा. दाबास प्रवाहानें गुणिलें म्हणजे वॅट निघतात. या हिशेबानें लहान पिनेवर १,३८० वॅट व मोठीवर ३,६८० वॅटपर्यंत भार चालतो. आतां मोटारीच्या तारेस मोठी पिन व आपल्या ओसरीवर लहान खोबण असली म्हणजे मध्यें ॲडॅप्टर बसवितात. पिन बसली, दिवा लागला, काम झालें, असें सर्वांस वाटतें. पण ॲडॅप्टर हा पिनेचें माप तेवढें बदलतो; भिंतींतील तारेची ताकद तो वाढवीत नाहीं. चार बैलांच्या मोटेस नाड्याऐवजीं सुतळी बांधावी, तसाच हा प्रकार होय. दिवे, पंखे व मोबाइल यांचा भार थोडा, तेवढ्यास हरकत नाहीं. परंतु त्याच खोबणींतून २,००० वॅटची शेगडी पेटविली कीं पावणेनऊ अँपियर प्रवाह वाहूं लागतो, व सहा अँपियरच्या खोबणीचें प्लास्टिक मऊ पडूं लागतें.

येथें वाचक म्हणतील कीं, खटका पडेल. तो पडेलच असें नाहीं. पेटींतील एमसीबी १६ अँपियरचा असेल, तर नऊ अँपियर त्याच्या दृष्टीनें अल्पच होत.

दुसरी गोष्ट तारेची. प्रवाह दुप्पट झाला म्हणजे तारेंत होणारी उष्णता चौपट होते. ०.७५ चौरस मिलिमीटरची तांब्याची बारीक तार ३० मीटर लांब सोडली व तिच्यांतून १० अँपियर नेले, तर जातां-येतां मिळून सुमारें १५० वॅट उष्णता त्या तारेच्याच अंगीं मुरते, आणि मोटारीपर्यंत पोंचतां पोंचतां १५ व्होल्ट दाब घटतो. २.५ चौरस मिलिमीटरची तार घेतली तर हीच उष्णता ५० वॅटांच्या आंत राहते. शिवाय पुष्कळजण उरलेली तार भेंडोळ्यांतच ठेवितात. उघड्यावर पसरलेली तार वाऱ्यानें निवते. भेंडोळ्यांतली आंतल्या आंत तापते व वरचें आवरण वितळतें. तार पूर्ण उलगडूनच वापरावी.

परंतु खरें प्राणसंकट आहे तें तिसऱ्या पिनेचें. ती इतर दोहोंपेक्षां लांब व जाड असते, ती उगीच नव्हे. लांब असल्यानें ती सर्वांच्या आधीं जोडली जाते व सर्वांच्या शेवटीं सुटते. तिचें काम एवढेंच कीं, यंत्राच्या लोखंडी अंगांत वीज उतरली तर तिला जमिनींत सोपी वाट देणें. बाजारांत दोन पिनांचे स्वस्त ॲडॅप्टर मिळतात, ते ही वाट बंद करितात. मोटार रबरी चाकांवर उभी असते. तिच्या सांगाड्यांत एखाद्या सोललेल्या तारेंतून वीज उतरली, तरी ती जमिनींत जाऊं शकत नाहीं, दबा धरून बसते. आंत बसलेल्यास कांहींच कळत नाहीं. ओल्या मातींत अनवाणी उभें राहून जो बाहेरून दांडा धरील, त्याच्या देहांतून ती वाट काढते.

आमच्या स्वतःच्या रानांत एका आषाढांत असेंच झालें. पावसाची भुरभुर होती. मोटारीच्या टाकीचें पाणी घेण्यास गेलेल्या एका वृद्ध माउलीस झटका बसून ती मागें पडली. ती वांचली हें दैव. पाहतों तों आम्हींच घरांतून आणून दिलेला ॲडॅप्टर दोन पिनांचा होता. सेवा म्हणून दिलेल्या विजेनें आमच्याच दारांत अनर्थ होतां होतां टळला. हा लेख त्या दिवसाचें ऋण होय.

या संकटावर उपाय आहे. आरसीसीबी नांवाचा खटका गेलेला व परत आलेला प्रवाह ताडून पाहतो. दोहोंत ३० मिलिअँपियरचा फरक पडतांच तो क्षणार्धांत वीज तोडतो. एमसीबी तारेचें रक्षण करतो, आरसीसीबी माणसाचें. एकानें दुसऱ्याचें काम होत नाहीं. त्यावरील चांचणीचें बटण दाबून खटका पडतो कीं नाहीं हें दर वेळीं पाहावें. मात्र खटका बसविला म्हणून अर्थिंग नको असें समजूं नये. अर्थिंग चांगलें असेल तर वीज अंगांत उतरतांच खटका पडतो. नसेल तर कोणी हात लावीपर्यंत तो थांबतो.

कित्येक ठिकाणीं घर लांब असल्यामुळें विहिरीवरील पंपाच्या पेटींतून वीज देतात. हें सर्वांत वाईट. तेथें दोन फेजांमधील दाब ४१५ व्होल्ट असतो. चुकून दोन फेज जोडले गेले तर सर्व उपकरणें जळून जातात. न्यूट्रल नाहीं म्हणून एक फेज घेऊन दुसरें टोंक जमिनींत पुरलेल्या सळईस जोडण्याची खोड तर अनेकांस आहे. त्या सळईभोंवतालच्या ओल्या जमिनींत वीज पसरते. बैलाच्या पुढच्या व मागच्या पायांत अंतर अधिक, म्हणून माणसास नुसत्या मुंग्या येतात तेथें बैल कोसळतो. शिवाय कृषिपंपाची जोडणी पंपासाठींच दिलेली असते. मोठ्या मुक्कामास महावितरणकडून तात्पुरती जोडणी मागून घेणेंच उचित.

जनित्राविषयीं एक शब्द. दोन्ही टोंकांस पिना असलेली तार करून जनित्राची वीज घराच्या खोबणींत सोडणें हा गुन्हाच समजावा. ती वीज उलट रोहित्राकडे जाते व तेथें चढून ११,००० व्होल्टांची होते. वीज गेली आहे अशा समजुतीनें खांबावर चढलेला वायरमन त्यानें मरतो. मध्यें चेंजओव्हर स्विच असलाच पाहिजे.

हा प्रश्न केवळ आपलाच आहे असें नाहीं. अमेरिकेंत लोक घरवजा मोटारी घेऊन प्रवास करितात व तळावर विजेच्या खांबास जोडतात. तेथें ३० अँपियरचा खांब १२० व्होल्टांनीं ३,६०० वॅट देतो, व ५० अँपियरचा दोन तारांनीं मिळून १२,००० वॅट. मोठी मोटार लहान खांबास ॲडॅप्टरनें जोडतां येते, पण मग ३,६०० वॅटांतच भागवावें लागतें. युरोपांत अशा तळांवर निळी, तीन पिनांची, पाण्यापासून झांकणानें जपलेली १६ अँपियरची जोडणी रूढ आहे. तशी आपल्या बाजारांतही मिळते. महाराष्ट्र शासनानें २०२० सालीं कृषिपर्यटनाचें व २०२१ सालीं कॅराव्हॅन पर्यटनाचें धोरण स्वीकारलें आहे. तेव्हां उद्यां वारकऱ्यांशिवाय इतर पाहुणेही आपल्या शेतांत मोटार उभी करून वीज मागतील. एकदां केलेली सोय दोहोंस उपयोगीं पडेल.

सारांशानें नियम असे:

१. परवानाधारक तारतंत्र्याकडून १६ अँपियरची बाहेरची खोबण, एमसीबी, आरसीसीबी व अर्थिंग यांसह, पावसाळ्यापूर्वीं बसवून घ्यावी.

२. दोन पिनांचा ॲडॅप्टर वापरूं नये. तीन पिनांचा वापरल्यास भार लहान पिनेच्या मर्यादेंत ठेवावा. ॲडॅप्टरवर ॲडॅप्टर चढवूं नये.

३. तार जाड, अखंड व तीन पदरी असावी. सांधा चिखलांत पडूं देऊं नये. तो उंच व झांकून ठेवावा.

४. अर्ध्या तासानें खटका बंद करून पिन हातानें पाहावी. ती गरम लागली तर भार कमी करावा.

५. जोडतांना व सोडतांना आधीं खटका बंद करावा. पिन धरून ओढावी, तार धरून नव्हे.

६. कोणास झटका बसल्यास आधीं वीज तोडावी. तें न साधल्यास कोरड्या लाकडानें तार दूर सारावी. उघड्या हातानें त्यास शिवूं नये. लगेच १०८ क्रमांकास कळवावें.

एवढ्या सर्वांस लागणारा खर्च एका बैलाच्या किंमतीपुढें कांहींच नाहीं. माणसाच्या जिवाची तर किंमतच करतां येत नाहीं. दिंडी आपल्या रानांत उतरते ती विश्वासानें. सकाळीं ती जशी आली तशी, एकही माणूस कमी न होतां, पुढच्या मुक्कामास निघावी, हीच आपली सेवा होय.