पोरगा नाचला तर कोणाचे काय गेले?

बुलढाणा जिल्ह्यातल्या एका शाळेच्या स्नेहसंमेलनाला आम्ही पाहुणे म्हणून गेलो होतो. थंडीचे दिवस. मैदानात मांडव, पुढे सतरंजीवर लहान पोरे, मागे आयाबाया आणि कडेला मोटारसायकली लावून उभे असलेले तरुण. सातवीतला एक मुलगा पायात घुंगरू बांधून लावणीवर नाचला. सोयाबीन सोंगायला जाणाऱ्या मजूर आई-बापाचे ते लेकरू. शिकवायला कोणी नाही, मोबाईलवर बघून बघून शिकलेला. पण पायाचा ताल एकदाही चुकला नाही. गाणे संपले, टाळ्या पडल्या. आणि सूत्रसंचालकाने माईक तोंडाशी धरून म्हटले, "वा रे वा! याच्यासाठी आता नवरदेव पाहा लागते!"

सारा मांडव हसला. पाहुण्यांची रांगही हसली. आम्ही हसलो नाही, पण उठून बोललोही नाही, हे आधीच कबूल करतो. कार्यक्रम आटोपल्यावर तो मुलगा मंचामागे घुंगरू सोडत बसला होता. आम्ही पाठीवर हात ठेवला तर मान वर न करता म्हणाला, "काका, आता मी नाई नाचत. सारे मले हासतात."

ते वाक्य आमच्या डोक्यातून जात नाही. म्हणून हा लेख.

त्या माईकवाल्याने हा विनोद घरी तयार केलेला नव्हता. तो त्याने टीव्हीवरून उचलला. आमच्या घराघरांत रात्री जे हास्याचे कार्यक्रम चालतात, त्यांत पुरुषाने लुगडे नेसले, कंबर हलवली, आवाज बारीक केला की झाला विनोद! बाकी डोके चालवायची गरज नाही. पडद्यावरचा निवेदक जे करतो तेच गावातला निवेदक करतो, आणि शाळेतली पोरे ते दुसऱ्या दिवशी वर्गात करतात.

हा रोग आपल्याकडचाच आहे असेही नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये अमेरिकेतल्या 'गुड मॉर्निंग अमेरिका' या कार्यक्रमाच्या निवेदिका लारा स्पेन्सर यांनी इंग्लंडच्या राजघराण्यातला सहा वर्षांचा प्रिन्स जॉर्ज शाळेत बॅले शिकणार आहे हे सांगताना खिल्ली उडवली. त्याला बॅले आवडते असे बापाने सांगितले होते. ही आवड किती दिवस टिकते ते बघूच, अशा अर्थाचे बोलून त्या हसल्या, सोबतचेही हसले. त्यावर देशभरातले नर्तक संतापले. पण त्यांनी काच फोडली नाही, शिवीगाळ केली नाही. न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये, त्याच वाहिनीच्या स्टुडिओच्या दारात, सुमारे तीनशे नर्तक सकाळी सकाळी जमले आणि त्यांनी रस्त्यावर बॅलेचा वर्ग भरवला. त्याच दिवशी निवेदिकेने पडद्यावरून माफी मागितली आणि पुरुष नर्तकांना बोलावून त्यांचे म्हणणे ऐकले.

गंमत अशी की बॅले हा नाच राजेलोकांनीच वाढवला. फ्रान्सचा चौदावा लुई स्वतः दरबारात नाचत असे. १६५३ साली त्याने सूर्याचे सोंग घेऊन नाच केला आणि १६६१ साली नृत्याची अकादमी काढली. म्हणजे ज्या कलेचा पाया राजाने नाचून घातला, तीच कला राजाच्या घरातल्या पोराने शिकली तर टीव्हीवाल्यांना हसू येते. राजाच्या नातवाची ही गत, तर मजुराच्या पोराची काय कथा?

आपल्या देशातले एक प्रकरण २०२१ च्या नोव्हेंबरातले आहे. हिंदी नृत्यस्पर्धेच्या एका कार्यक्रमात निवेदक राघव जुयाल याने आसामातल्या एका लहान मुलीची ओळख चिनी बोलीची नक्कल करून दिली. आसामात संताप उसळला. मुख्यमंत्र्यांनी निषेध केला आणि निवेदकाला खुलासा करावा लागला. म्हणजे लोक बोलले की माईक नरमतो. अमेरिकेत नरमला, आसामसाठी नरमला. मग महाराष्ट्रात 'नाच्या' आणि 'बायल्या' या शब्दांवर कोणी का बोलत नाही?

कारण या दोन शब्दांच्या मुळाशी जात आहे, आणि तिच्यावर बोलायला प्रस्थापितांना अडचण आहे.

जरा आठवा. नारायण श्रीपाद राजहंस हे ब्राह्मण घरातले. आयुष्यभर शालू नेसून स्त्रीभूमिका केल्या. महाराष्ट्राने त्यांना 'बालगंधर्व' म्हणून डोक्यावर घेतले. १९६४ साली पद्मभूषण मिळाले, १९६८ साली पुण्यात त्यांच्या नावाने रंगमंदिर उभे राहिले. त्यांची कला मोठीच होती, त्याबद्दल आमचे दुमत नाही. पण त्याच काळात तमाशाच्या फडात लुगडे नेसून, घुंगरू बांधून नाचणाऱ्या पुरुषाला काय मिळाले? 'नाच्या' ही शिवी! लुगडे तेच, अभिनय तोच. एकाच्या नावाने रंगमंदिर, दुसऱ्याच्या नावाने टवाळी. फरक कलेत नव्हता. फरक होता फडातल्या माणसांच्या जातीत आणि त्यांच्या प्रेक्षकांच्या फाटक्या धोतरात.

कोल्हापूरचे गणपत पाटील यांनी मराठी तमाशापटांत नाच्याची भूमिका अजरामर केली. संसारी माणूस, लेकराबाळांचा धनी. पण लोकांनी पडद्यावरचे सोंग खरे धरले आणि तोच शिक्का त्यांच्यावर जन्मभर मारला. २००८ साली ते गेले. दोनच वर्षांनी, १ जानेवारी २०१० ला, आनंद यादवांच्या कादंबरीवरचा 'नटरंग' हा चित्रपट आला. पहिलवानी अंगाचा शेतमजूर फड उभा करतो, नाच्या मिळत नाही म्हणून स्वतःच नाच्या होतो आणि समाज त्याला कसा सोलून काढतो, ही त्याची कथा. महाराष्ट्राने चित्रपट उचलून धरला. गाणी आजही वरातीत वाजतात. पण कथा कोणी लक्षात ठेवली? त्याच गाण्यावर नाचणाऱ्या पोराला आपण पुन्हा तेच म्हणतो.

हा तुच्छतेचा वारसा कुठून आला हेही समजून घ्या. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात कोणाचे अन्न खाऊ नये याची जी यादी आहे, तीत नटाचा समावेश आहे. नाचणाऱ्याचा नाच बघायचा, पण त्याच्या घरचे पाणी प्यायचे नाही, असा हा न्याय. आणि 'बायल्या' या शिवीत शिवी कसली आहे? बाईसारखा असणे हीच शिवी! म्हणजे पोराला हिणवण्याआधी त्याच्या आईला, बहिणीला हिणवून झालेले असते. बाई नीच हे आधी मान्य केल्याशिवाय या शब्दाला हसताच येत नाही. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला जो ग्रंथ जाळला, तो आपल्या हसण्यातून असा परत येतो.

पुरुषाच्या नाचाचाच कोणाला त्रास असेल असेही नाही. शेगावची पालखी निघते तेव्हा टाळ-मृदंगावर हजारो पुरुष पावली खेळतात, फुगड्या घालतात. त्यांना कोणी हसते काय? नाही, आणि हसूही नये. मग हसू येते ते कुठे? जिथे पोरगा देवासाठी नाही, वरातीसाठी नाही, तर स्वतःच्या आनंदासाठी आणि कलेसाठी नाचतो तिथे.

आता थोडे आपल्याच घरात पाहू. आपल्या समाजात नाचाची लाज आहे आणि तिला कारणही आहे. आपल्या आयाबहिणींना, आपल्या माणसांना गावकीच्या धाकाने आणि पोटाच्या भुकेने नाचावे लागले. पठ्ठे बापूरावांनी तमाशाच्या खेळाचे पैसे चळवळीसाठी देऊ केले तेव्हा, ते महार स्त्रियांना नाचवून मिळवलेले आहेत म्हणून, बाबासाहेबांनी नाकारले. या इतिहासाची गुंतागुंत आपल्याच समाजातल्या, येरवड्यात वाढलेल्या इतिहासकार शैलजा पाईक यांनी २०२२ च्या आपल्या इंग्रजी ग्रंथात उलगडून दाखवली, आणि २०२४ साली त्यांना अमेरिकेतली मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. तमाशातल्या बाईचे जगणे हा जगाने अभ्यासावा असा विषय आहे, हे त्यांनी सिद्ध केले.

पण बाबासाहेबांनी नाकारली ती सक्ती आणि विटंबना, कला नव्हे. स्वतः बाबासाहेब उतारवयात व्हायोलिन शिकत होते. भीमराव कर्डकांच्या जलशाने तमाशाचीच ढोलकी घेतली, बाईचा बाजार टाकून दिला आणि त्या जागी शिक्षणाचा, स्वाभिमानाचा वग उभा केला. त्या जलशांत बाईचे काम करायला पुरुषच लुगडे नेसून उभे राहत. आपल्या आज्या-पणज्यांनी कंदिलाच्या उजेडात ते पाहिले आणि तिथून मुलांना शाळेत घातले. त्या जलसाकाराला 'बायल्या' म्हणायची कोणाची हिंमत आहे?

मुंबईचेच उदाहरण घ्या. अमिरुद्दीन शाह हा वेल्डरचा मुलगा, मनीष चौहान हा टॅक्सीचालकाचा. दोघांनाही यहुदा माओर या इस्रायली-अमेरिकन शिक्षकाने बॅले शिकवले. अमिरुद्दीनला २०१७ साली लंडनच्या रॉयल बॅले स्कूलमध्ये प्रवेश मिळाला. या दोघांच्या कहाणीवर सुनी तारापोरवाला यांनी २०२० साली चित्रपट काढला आणि मनीषने त्यात स्वतःचीच भूमिका केली. वेल्डरच्या पोराला लंडनचे दार उघडले, कारण कोणीतरी न हसता त्याच्या पायांकडे पाहिले. बुलढाण्याच्या पोराकडे कोण पाहणार?

आपणच पाहायचे आहे, बंधू-भगिनींनो. यासाठी लाखोंचा निधी लागत नाही. १४ एप्रिलला गावोगाव मंच उभे राहतात. डीजेपुढे पोरे नाचतातच, त्यांतल्या ज्याला खरी गोडी आहे त्याला मंचावर दहा मिनिटे द्या. सूत्रसंचालकाला आधीच बजावून ठेवा, की लेकराच्या अंगावर, चालीवर, नाचावर विनोद केला तर माईक काढून घेतला जाईल. शिक्षकांनी वर्गात ही शिवी चालू देऊ नये. आणि बापांनो, पोरगा घुंगरू बांधतो म्हणून त्याला मारू नका. तो नाचतो म्हणून कमी पुरुष होत नाही. आणि तो उद्या कोणीही झाला तरी तो तुमचा पोरगाच राहील.

न्यूयॉर्कमध्ये तीनशे जण नाचायला उभे राहिले. आमच्या त्या मांडवात एक माणूस उभा राहिला असता तरी पुरे होते. तो माणूस आम्ही होऊ शकलो असतो, झालो नाही. पुढच्या संमेलनाला आम्ही जाऊ, त्या मुलाच्या घरी आधी जाऊ आणि त्याला विचारू, "बाबू, घुंगरू ठेवले ना जपून?"

जयभीम!