पाय वाकले, दोष पाण्याचाच?

"पाणी वाईट, म्हणून पोराचे पाय वाकले," असे नांदेड-लातूरकडचे पालक मला सांगतात. किनवट भागातील पाण्यात फ्लोराइड जास्त आहे, हे खरे. पण क्वचित दोष मूत्रपिंडाचा असतो. शरीरात रोज तयार होणारे आम्ल लघवीवाटे पुरेसे बाहेर पडत नाही, रक्तात साठते. हाडे ठिसूळ होतात, उंची खुंटते, मुतखडाही होतो. पोटॅशियम घटून हातपाय लुळे पडतात. त्याला अंगावरून वारे गेले म्हणू नये. यालाच रीनल ट्युब्युलर अ‍ॅसिडोसिस म्हणतात. रक्तातील बायकार्बोनेट, पोटॅशियम तपासावे. रक्तात आम्ल वाढूनही लघवीचा पीएच ५.५ खाली उतरत नसेल, तर संशय बळावतो. नुसत्या कॅल्शियमने भागत नाही. औषध साधेच, सोडा बायकार्ब किंवा सायट्रेट. मात्र स्वयंपाकघरातला सोडा चिमटीने देऊ नये, मात्रा डॉक्टरांनीच ठरवावी.